दयेपेक्षा हक्क मोठा

मुलाच्या हातून चूक झाली तर मोठ्यांनी त्याला रागवावे, समजवावे. त्यासाठी वकील आणि कायदा कशाला, असे पुष्कळांना वाटते. हा विचार प्रेमळ दिसतो. पण पोलिसांपुढे आणि न्यायालयापुढे उभ्या असलेल्या मुलासाठी तो धोक्याचा आहे.

अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यातली १९६४ सालची घटना पाहा. जेराल्ड गॉल्ट हा १५ वर्षांचा मुलगा. शेजारणीशी फोनवर अभद्र बोलल्याचा त्याच्यावर आरोप होता. आईवडील कामावर गेले असताना पोलिसांनी त्याला नेले; घरी निरोपही ठेवला नाही. त्याला वकील मिळाला नाही. तक्रार करणारी बाई न्यायाधीशांपुढे आलीच नाही. तरीही वयाच्या २१ व्या वर्षापर्यंत त्याला सुधारगृहात ठेवण्याचा हुकूम झाला. याच गुन्ह्यासाठी मोठ्या माणसाला फार तर ५० डॉलर दंड किंवा दोन महिने कैद झाली असती!

न्यायालय मुलांशी पालकासारखे वागते, मग त्यांना वेगळे हक्क कशाला, अशी तेथील समजूत होती. १९६७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती चुकीची ठरवली. आरोप कळणे, वकील मिळणे, साक्षीदाराची उलटतपासणी करणे आणि स्वतःविरुद्ध बोलण्याची सक्ती नसणे, हे मुलांचेही हक्क आहेत, असा निकाल झाला.

आपल्या संविधानातील २० वे आणि २२ वे कलम असेच संरक्षण देते. ते देताना लहान-मोठा असा भेद करत नाही. २०१५ चा बाल न्याय अधिनियम तर १८ वर्षांखालील मुलांना अधिकच जपतो. त्यांना पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. आईवडिलांना कळवावे लागते. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. नियमांप्रमाणे मुलाला बेड्या घालता येत नाहीत, की जबाबावर त्याची सही घेता येत नाही. घराची झडती पंचांसमोर व्हावी लागते आणि जप्त वस्तूंच्या यादीची प्रत घरच्यांना मिळते.

हक्क शिकवले तर मुले गुन्ह्याला धजावतील, असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. हक्क म्हणजे गुन्ह्याची माफी नव्हे. १६ वर्षे पूर्ण झालेल्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर प्रौढाप्रमाणे खटलाही चालू शकतो. मात्र निरपराध मुलाने भीतीपोटी गुन्हा कबूल केला, तर खरा गुन्हेगार मोकळाच राहतो.

मित्रांनो, वय ठरवताना कायदा आधी शाळेचा दाखला पाहतो. आपल्या दाखल्यावरील जन्मतारीख बरोबर आहे ना, हे आजच तपासून पाहा.