वीस मिलिग्रॅमचा हिशेब

मागच्या पौर्णिमेला आम्ही डिंभ्याला होतो. वंदना झाली, खीर वाटून झाली, तेव्हा एक आजी आम्हाला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भाऊ, गालात आतून चट्टा पडलाय. दोन महिने झालं, झोंबतंय. घरात कुनाला सांगितलं न्हाई. सांगितलं तर पोरं घर इकत्याल." मिश्रीची डबी त्यांच्या कमरेलाच होती.

आपली माणसे कर्करोगाच्या खर्चाला रोगापेक्षा अधिक भितात. म्हणून आज नव्या उपचारांविषयी आणि त्यांच्या पैशांविषयीही सांगतो.

आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी पहारेकऱ्याचे काम करतात. त्या उगाच आपल्याच शरीरावर धावून जाऊ नयेत म्हणून त्यांना ब्रेक असतो. कर्करोग हाच ब्रेक दाबून धरतो आणि पहारेकरी जागच्या जागी थांबतो. हा ब्रेक जपानचे तासुकू होंजो यांनी १९९२ साली शोधला. पुढे २०१८ साली त्यांना अमेरिकेचे जेम्स अॅलिसन यांच्यासह नोबेल मिळाले. ब्रेक सोडवणाऱ्या औषधांपैकी एक म्हणजे निवोलुमॅब. यालाच इम्युनोथेरपी म्हणतात.

दुसरी वाट सूक्ष्म कणांची. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. शंभरेक नॅनोमीटरच्या स्निग्ध पुडीत भरलेले केमोचे औषध अमेरिकेत १९९५ साली मंजूर झाले. पुडीत असल्याने ते हृदयाला कमी इजा करते.

परंतु ही औषधे महाग. मजुराने ती आणायची कोठून? हा प्रश्न मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयातील डॉक्टरांनी मनावर घेतला. निवोलुमॅबचा नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. त्यांनी तो दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम दिला, सोबत स्वस्त गोळ्या. आम्ही पडलो कारकून, हिशेब मांडून पाहिला. सहा आठवड्यांत तिकडे ७२० मिलिग्रॅम, इकडे ४०. म्हणजे अठरावा हिस्सा!

डोके व मानेचा, म्हणजे तोंड-घशाचा, बळावलेला कर्करोग असलेल्या १५१ रुग्णांवर ही चाचणी झाली. नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी वर्षानंतर शंभरात सोळा हयात होते. इंजेक्शनही घेणाऱ्यांपैकी त्रेचाळीस. हे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. मोठाच डोस हवा हे गृहीत न धरता त्यांनी तपासून पाहिले. कालामांना भगवंतांनी दुसरे काय सांगितले होते?

पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये आयआयटी मुंबई आणि टाटा यांच्या संशोधनातून आलेल्या कार-टी उपचाराला देशात परवानगी मिळाली. यात रुग्णाच्याच पेशी बाहेर काढून, शिकवून परत सोडतात. काही प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगावर तो चालतो. परदेशापेक्षा कितीतरी स्वस्त, तरी किंमत लाखांतच. ज्ञान आपल्या राज्यात तयार होते, पण आपल्या वस्तीपर्यंत कधी पोहोचणार, हा प्रश्न आपण संघटित होऊन विचारलाच पाहिजे.

आणि एक गोष्ट लपवून चालणार नाही. त्रेचाळीस वाचले म्हणजे सत्तावन्न गेले. ते उशिरा आलेले रुग्ण होते. लवकर सापडलेला तोंडाचा कर्करोग अनेकदा शस्त्रक्रियेने बरा होतो. म्हणून तोंडात पांढरा-लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड कमी उघडणे, यांपैकी काहीही दिसले तर अंगारा, जडीबुटी न करता सरकारी दवाखाना गाठा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार विनामूल्य होतात. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला रेशनकार्ड व आधार दाखवून विचारा. घर विकण्याआधी हे एवढे कराच.

आणि मिश्री, तंबाखू, गुटखा? पंचशील रोज म्हणणाऱ्या घरात या डब्या शोभत नाहीत. आमच्याही घरात एक होती, म्हणून हक्काने सांगतो.

आजींना दुसऱ्याच दिवशी त्यांच्या सुनेने तपासणीला नेले. तुकडा काढून पाठवला आहे, अहवाल यायचा आहे. पोटाच्या विकाराने पडलेल्या भिक्षूला तथागतांनी स्वतःच्या हातांनी स्वच्छ केले होते. सून आजींच्या शेजारी एसटीत बसली, तेव्हा आम्हाला तेच आठवले. जाताना आजींनी मिश्रीची डबी आमच्या हातात दिली.

जय भीम!