वेबसाइट कुणाच्या नावावर आहे?

सातबारा कुणाच्या नावावर आहे हे पाहिल्याशिवाय आपल्याकडे जमिनीचा इसारही कुणी देत नाही. वेबसाइट करून घेताना मात्र तीच माणसं नावाचा विषयच काढत नाहीत. कोल्हापुरात राजारामपुरीत आमचं वेब डिझाइनचं छोटं ऑफिस आहे, आम्ही चौघं काम करतो. नवं गिऱ्हाईक आलं की रंग, लोगो, फोटो यांच्या आधी मी विचारते, डोमेन कुणाच्या ईमेलवर घेतलंय? उत्तर ठरलेलं असतं. "ज्यानं साइट केली त्याच्याकडं असंल की."

2025 च्या जूनमध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि 2019 पासून जीआय मानांकन असलेल्या आपल्या चपलेची जगभर बातमी झाली. त्याच दिवसांत एक चप्पल दुकानदार आमच्याकडे आले. पिशव्यांवर, खोक्यांवर, बिलावर छापलेला त्यांचा वेब पत्ता उघडतच नव्हता. डोमेनची, म्हणजे त्या पत्त्याची, मुदत संपली होती. ते साइट करणाऱ्याच्या ईमेलवर घेतलेलं असल्यामुळे सूचनाही त्यालाच गेल्या होत्या. "मॅडम, त्यो फोनच उचलंना झालाय," काका सांगत होते. बाहेरगावचे लोक कोल्हापुरी शोधत असताना यांचं दुकान इंटरनेटवर बंद होतं. वर्षाला हजार-दीड हजाराच्या खर्चासाठी!

डोमेनचा व्यवहार खरं तर सोपा आहे. ते विकत मिळत नाही, मुदतीने मिळतं, एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी. डॉट कॉमची मुदत संपली की बहुतेक कंपन्या काही दिवस नेहमीच्या दरात नूतनीकरण करू देतात. त्यानंतर 30 दिवस जबर दंड भरून ते परत मिळतं. मग ते मोकळं होतं आणि जगातला कुणीही घेऊ शकतो. या सगळ्यात ज्याच्या हाती लॉगिन, त्याचंच चालतं. दुकान पिढ्यान्‌पिढ्या तुमचं असलं तरी तिथे तो पुरावा चालत नाही. शिवाय पत्ता बंद पडला की त्यावरचे ईमेलही बंद पडतात. चौकशीचं पत्र परत गेलं हे आपल्याला कळतसुद्धा नाही.

गूगल मॅपवरच्या नोंदीचंही तेच. तिचा मुख्य मालक एकच असतो, बाकीच्यांना व्यवस्थापक म्हणून जोडता येतं. पण बऱ्याच दुकानांत उलटं दिसतं. मालकी एजन्सीची, आणि मालकाला स्वतःच्या दुकानाची वेळ बदलायची तरी फोन करावा लागतो. मोठ्या कंपनीच्या फुकट जागेवर विसंबण्यातही हाच धोका आहे. गूगलने याच नोंदीसोबत दिलेल्या मोफत वेबसाइट मार्च 2024 मध्ये बंद केल्या. ज्यांनी तो पत्ता बोर्डावर रंगवला होता, त्यांना बोर्ड बदलावे लागले.

लॉगिन स्वतःकडेच ठेवण्याला आमच्या धंद्यात गिऱ्हाईक टिकवणं म्हणतात. नव्या मुलांना पहिला सल्ला हाच मिळतो, "लॉगिन देऊ नका, नाहीतर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल." मला हे मान्य नाही, आणि सभ्य शब्दांत सांगायचं तर ही अडवणूक आहे. लेट्स एन्क्रिप्टसारखी संस्था जे सुरक्षा प्रमाणपत्र फुकट देते, त्याच साध्या प्रमाणपत्राचे दरवर्षी वेगळे पैसे लावणं हीही त्यातलीच गोष्ट. ते बसवण्याच्या, सांभाळण्याच्या कामाचे पैसे जरूर घ्या, पण तसं बिलावर लिहा. अडकून राहिलेलं गिऱ्हाईक पैसे देतं, पण चार लोकांत तुमचं नाव काढत नाही. आणि आमच्यासारख्या छोट्या ऑफिसला काम मिळतं ते कुणीतरी नाव काढल्यावरच. उद्यमनगरात एका कारखानदाराने चहा पिताना दुसऱ्याला सांगितलं की आमचा फोन वाजतो. याच्याइतकी उपयोगाची जाहिरात मला अजून सापडलेली नाही.

तिथल्याच एका फौंड्रीचं काम करताना मजकुरावर बराच वेळ गेला. मालकांनी दिलेल्या कागदावर "गुणवत्ता हेच आमचं ध्येय" छापाची वाक्यं होती, कुठल्या तरी दुसऱ्या साइटवरून उचललेली. मग आम्ही शॉपमध्येच गेलो. मोल्डिंगच्या काळ्या वाळूतून चालत ते बोलत होते आणि आमच्या ऑफिसातली मुलगी लिहून घेत होती: ग्रे आयर्न कुठल्या ग्रेडचं, एसजी किती, सगळ्यात लहान कास्टिंग किती किलोचं, सगळ्यात मोठं किती, पॅटर्न इथेच होतात का, स्पेक्ट्रोमीटर स्वतःचा की तपासणी बाहेरून. घाईची ऑर्डर किती दिवसांत निघते हे विचारल्यावर ते थांबले, फर्नेसवरच्या माणसाशी बोलले आणि मगच आकडा दिला. हेच सगळं साइटवर गेलं. कास्टिंग घेणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर हेच शोधत येतो, ध्येय वाचायला येत नाही. मार्केटिंगच्या नावाखाली आपण गिऱ्हाइकाच्या तोंडी परके शब्द घालतो, आणि त्याला जे तोंडपाठ असतं ते विचारतच नाही. पत्ता त्याचा हवा तसा मजकूरही त्याचाच हवा.

काम सुपूर्द करायच्या दिवशी आम्ही मालकांनाच कॉम्प्युटरसमोर बसवतो. यात वेळ जातो. कुणाचा ईमेल अकाउंटंटने काढलेला असतो, कुणाचा ओटीपी पुण्यातल्या पुतण्याच्या मोबाइलवर जातो. ते आधी निस्तरायचं, मग पासवर्ड त्यांनी स्वतः टाकायचा, आम्ही तिकडे पाहायचं नाही. मॅपवर आमचं नाव व्यवस्थापक म्हणून राहतं, तेही त्यांना वाटलं तर.

ज्यांची साइट आधीच झाली आहे, त्यांनी डोमेनची मालकी ऑनलाइन तपासत बसू नये. तिथे मालकाचं नाव बहुतेक वेळा झाकलेलं असतं. सरळ लॉगिन मागावं, किंवा आपल्या ईमेलवर खातं उघडून डोमेन तिकडे हलवून मागावं. मुदतीची तारीख जीएसटीच्या तारखांबरोबर अकाउंटंटकडे लिहून ठेवावी. आणि व्यापारी संघटनांनी सभासदांना एवढं तरी सांगावं: डोमेन, होस्टिंग आणि मॅपवरची नोंद कुणाच्या ईमेलवर आहे, हे वेबसाइटच्या बिलावर लिहून दिल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.