पेसोचा भाव आणि पाहुण्याचा विवेक

एखाद्या देशाचे चलन घसरले की त्या देशाच्या अर्थमंत्र्याची झोप उडते आणि शेजारच्या देशातील प्रवासी सामान बांधू लागतो. या विरोधाभासाचा अनुभव मेक्सिकोच्या पेसोइतका फार थोड्या चलनांनी घेतला असेल. १९५४ पासून बावीस वर्षे एका डॉलरला १२.५० पेसो हा भाव अढळ मानला जात होता. ३१ ऑगस्ट १९७६ रोजी तो बांध फुटला. त्यानंतर १९८२ मध्ये, १९९४ च्या डिसेंबरात, २०१६-१७ च्या हिवाळ्यात आणि पुन्हा २०२० मध्ये पेसो कोसळला. आणि प्रत्येक वेळी उत्तरेकडील अमेरिकन व कॅनेडियन प्रवाशांत ‘मेक्सिको स्वस्त झाले’ अशी हाकाटी झाली. अमेरिकेत शिक्षणासाठी वा नोकरीसाठी गेलेले मराठी तरुण आणि त्यांच्याकडे चार महिन्यांसाठी जाणारे त्यांचे आईवडील हेही आता या प्रवाशांत मोडतात. अमेरिकेचा वैध व्हिसा असणाऱ्या भारतीयाला अल्पकालीन पर्यटनासाठी मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही, ही सवलत त्यांना आकर्षित करते. तेव्हा हे ‘स्वस्त’ म्हणजे नेमके काय, ते कोठे सापडते आणि त्याचे मोल कोण देतो, या तीन प्रश्नांचा विचार करणे अप्रस्तुत ठरणार नाही.

पहिली गोष्ट ही की, एका डॉलरला किती पेसो मिळतात हा प्रश्नच अपुरा आहे. त्या पेसोंत काय मिळते, हा खरा प्रश्न होय. १९८२ च्या आरंभी डॉलरला २६-२७ पेसो पडत. १९८७ अखेर दोन हजारांहून अधिक पडू लागले. परंतु म्हणून मेक्सिको काही ऐंशी पटींनी स्वस्त झाले नाही. कारण त्याच १९८७ साली तेथील महागाई सुमारे १५९ टक्क्यांवर पोहोचली होती. अवमूल्यन एका रात्रीत होते, दुकानातील भाव मात्र हळूहळू चढतात. या दोहोंमधील काही महिन्यांचा अवकाश हीच परक्या प्रवाशाची पर्वणी. पुढे भाव चढून ती भरून निघते आणि नोटांवरील शून्ये तेवढी उरतात. ती शून्ये खोडण्यासाठी १ जानेवारी १९९३ पासून मेक्सिकोने एक हजार जुन्या पेसोंचा एक नवा पेसो केला.

शिवाय चलनाची दिशा आधी ओळखणे हे भल्याभल्या बँकांनाही साधलेले नाही. २०२० च्या वसंतात डॉलरला पंचवीसच्या घरात गेलेला पेसो २०२४ च्या एप्रिलमध्ये सोळा-सतरापर्यंत सावरला. त्याच वर्षीच्या जूनमधील निवडणुकीनंतर तो पुन्हा उतरला व वर्षअखेर विसाच्या पलीकडे गेला. २०२५ मध्ये त्याने पुन्हा काही अंशी उचल खाल्ली. रुपयाच्या हिशेबाने पाहिले तर चार वर्षांपूर्वी तीन रुपयांच्या आसपास मिळणारा पेसो २०२४ च्या वसंतात पाच रुपयांना पडत होता. भारतातून निघणाऱ्याचे विमानभाडे तर डॉलरशीच बांधलेले. पेसो कितीही घसरला तरी त्यात दमडीचा फरक पडत नाही. दराची वाट पाहत बसण्यापेक्षा ठिकाणाची निवड शहाणपणाने करणे, हेच सामान्य मिळकतीच्या प्रवाशाच्या हाती असते.

दोन मेक्सिको

ठिकाणाची ही निवड कशाच्या आधारे करावी? त्यासाठी मेक्सिकोत दोन अर्थव्यवस्था शेजारी शेजारी नांदतात, हे ध्यानी घ्यावे लागेल. एकीचे भाव डॉलरमध्ये ठरतात, दुसरीचे पेसोमध्ये.

पहिलीचे ठळक उदाहरण म्हणजे कानकून. १९७० च्या सुमारास तेथे वाळूचा पट्टा, माडांची राई आणि मूठभर वस्ती याखेरीज काही नव्हते. देशाला परकीय चलन हवे होते, म्हणून मेक्सिकोच्या मध्यवर्ती बँकेने हे स्थळ हेरले. १९७४ मध्ये पहिली हॉटेले उघडली आणि त्याच वर्षी पर्यटनविकासासाठी ‘फोनातूर’ हा सरकारी निधी अस्तित्वात आला. जे गाव डॉलर मिळविण्यासाठीच वसविले गेले, त्याने डॉलरमध्ये भाव लावावेत यात नवल नाही. पेसो घसरला की तेथील हॉटेलवाल्याचा खर्च घटतो, पाहुण्याचे बिल मात्र फारसे घटत नाही. अवमूल्यनाचा लाभ मधल्यामध्ये जिरतो. मराठी तरुणांच्या चार दिवसांच्या सहली बहुधा याच किनाऱ्यावर उतरतात आणि मेक्सिको महाग असल्याचा निर्वाळा देत परततात.

दुसऱ्या अर्थव्यवस्थेचे उदाहरण राजधानी मेक्सिको सिटीच्या भुयारी रेल्वेत मिळते. २०१३ च्या डिसेंबरात तिचे तिकीट ५ पेसो झाले. त्यानंतर डॉलर तेरा पेसोंवरून पंचवीसपर्यंत चढला आणि पुन्हा सतरापर्यंत उतरला, तरी वर्षानुवर्षे तिकीट तेच राहिले. कारण ते परक्यासाठी नव्हे, रोज कामावर जाणाऱ्या कारकुनासाठी ठरविलेले होते. हाच न्याय ‘फोंदा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या घरगुती खानावळींना लागू पडतो. तेथे दुपारी ‘कोमिदा कोरिदा’ मिळते: सूप, भात, एखादा मुख्य पदार्थ, फळांचे सरबत आणि मक्याच्या तोर्तिया, असे ठरावीक दरातील जेवण. शेजारच्या शाळेतील शिक्षक जेथे रोज जेवतो, तेथील भाव त्याच्या पगाराला झेपेल एवढाच असणार. विनिमय दराचा लाभ पाहुण्याच्या पदरात पूर्णपणे पडतो तो अशा ठिकाणीच. म्हणून सूत्र साधे आहे: जेथे मेक्सिकन माणूस स्वतःच्या पैशाने जेवतो, राहतो आणि हिंडतो, तेथे जावे.

पेसोत जगणारी गावे

या सूत्राने पाहिले तर नकाशाचा मध्य आणि दक्षिण हे भाग उजळून निघतात. राजधानीपासून सुमारे १३० किलोमीटरवर पुएब्ला हे शहर आहे. रंगीत फरश्यांनी मढविलेल्या इमारती ही त्याची ख्याती; परंतु शिक्षकाने तेथे जावे ते पालाफोक्स ग्रंथालयासाठी. बिशप हुआन दे पालाफोक्स याने आपली पाच हजार पुस्तके १६४६ मध्ये दिली, त्यातून ते उभे राहिले. उत्तरेकडे ग्वानाह्वातो हे चांदीच्या खाणींचे गाव आहे. जुन्या नदीच्या पात्रातून व बोगद्यांतून जाणारे रस्ते, १८१० च्या स्वातंत्र्ययुद्धातील झुंज पाहिलेले धान्याचे कोठार आणि चित्रकार दिएगो रिव्हेरा यांचे जन्मघर, हे सारे पायी हिंडून पाहता येते. विद्यापीठाचे गाव असल्याने विद्यार्थ्यांना परवडतील अशा खोल्या व खानावळी तेथे आहेत. मात्र १९७२ पासून ऑक्टोबरात भरणाऱ्या सेर्वान्तेस महोत्सवाच्या दिवसांत हे गणित कोलमडते.

दक्षिणेतील ओआहाका हे तर या सर्वांचे शिरोमणी म्हणावे लागेल. शहरापासून दहाएक किलोमीटरवर मोन्ते आल्बानचे झापोतेक नगरावशेष डोंगरमाथ्यावर पसरले आहेत. १९८७ मध्ये त्यांची व जुन्या शहराची नोंद जागतिक वारशाच्या यादीत झाली. त्लाकोलुला येथे रविवारी बाजार भरतो. तेओतित्लान देल व्हाये येथे विणकर नैसर्गिक रंगांत लोकर रंगवून गालिचे विणतात. कोयोतेपेक येथे काळ्या मातीची भांडी घडविली जातात. पूर्वेकडे कानकूनची गर्दी टाळून मेरिदा येथे मुक्काम ठोकणाऱ्यास ऐंशी किलोमीटरवरील उश्मालचे माया अवशेष एका दिवसात निवांत पाहून परतता येते. या गावांना जोडणाऱ्या बसगाड्या आरामशीर व वक्तशीर असून त्यांचे भाडे पेसोत ठरते. जून ते ऑक्टोबर हा तेथील मोठ्या भागात पावसाळा. पाऊस बहुधा दुपारनंतर येतो आणि मुक्कामाचे दर उतरतात. नाताळ, ईस्टरचा पवित्र सप्ताह आणि नोव्हेंबरच्या आरंभीचा मृतात्म्यांचा सण या काळात मात्र खुद्द मेक्सिकन माणूसच घराबाहेर पडतो. तेव्हा स्वस्ताईची अपेक्षा धरू नये.

व्यवहाराच्या दोन गोष्टीही सांगितल्या पाहिजेत. रुपयाचे डॉलर आणि डॉलरचे पेसो असा दुहेरी बदल भारतीयाला करावा लागतो आणि प्रत्येक बदलात दलाली जाते. विमानतळावरील दर बहुधा शहरातल्यापेक्षा प्रतिकूल असतो. पैसे देणारे यंत्र ‘तुमच्या चलनात हिशेब करू का?’ असे विचारते, तेव्हा नकार द्यावा. कारण त्या सोयीची किंमत वाईट दराच्या रूपाने वसूल होते.

स्वस्ताईचे मोल

येथवर हिशेब झाला तो पाहुण्याच्या बाजूने. परंतु वहीला दुसरीही बाजू असते. राष्ट्राध्यक्ष लोपेस पोर्तियो यांनी १९८२ च्या फेब्रुवारीत, आपण पेसोचे रक्षण कुत्र्यासारखे करू, अशी ग्वाही दिली आणि काही दिवसांतच पेसो कोसळला. ऑगस्टमध्ये परकीय कर्जे फेडता येत नसल्याची कबुली सरकारला द्यावी लागली. १ सप्टेंबर रोजी खाजगी बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. ज्यांनी देशातील बँकांत डॉलरच्या ठेवी ठेवल्या होत्या, त्यांच्या हाती बाजारभावापेक्षा कमी दराने पेसो ठेवण्यात आले. १९९४ च्या २० डिसेंबरच्या अवमूल्यनानंतर पुढील वर्षी देशाचे उत्पादन सहा टक्क्यांहून अधिक घटले आणि व्याजाचे दर कित्येक पटींनी चढले. घरासाठी कर्ज काढलेल्या मध्यमवर्गीयाचा हप्ता त्याच्या पगाराला गिळू लागला. ‘एल बार्सोन’ ही कर्जदारांची चळवळ फोफावली ती याच काळात. उत्तरेकडील वर्तमानपत्रे मेक्सिकोच्या सहलीची जाहिरात करीत होती, त्याच आठवड्यांत तेथील शिक्षक आणि कारकून आपल्या निवृत्तीची पुंजी विरघळताना पाहत होते.

अवमूल्यनाने सर्वांचेच नुकसान होते, असे म्हणणेही एकांगी ठरेल. मिचोआकान किंवा सकातेकास येथील ज्या कुटुंबाचा मुलगा अमेरिकेत राबतो, त्याला पेसो घसरला की घरखर्चाला चार पैसे अधिक मिळतात. २०२३ मध्ये अशा रकमांची बेरीज साठ अब्ज डॉलरांच्या पुढे गेली आणि नेमक्या त्याच वर्षी पेसो बळकट झाल्याने घरी पोहोचणारे पेसो आटले. ओआहाकातील विणकरालाही परका गिऱ्हाईक हवाच असतो. प्रश्न पाहुणा यावा की न यावा हा नाही. तो येऊन काय करतो, हा आहे. राजधानीतील रोमा आणि कोन्देसा या वस्त्यांत डॉलरमध्ये कमावणारे परके दीर्घ मुक्कामाला येऊ लागले, घरांची भाडी वाढली आणि २०२५ च्या जुलैमध्ये तेथील रहिवासी रस्त्यावर उतरले. त्या निदर्शनांत काही दुकानांची मोडतोड झाली. तिचे समर्थन करता येणार नाही. परंतु स्वतःच्या गल्लीत स्वतःच परवडेनासे होण्याचे दुःख खोटे ठरत नाही.

हे दुःख भारतीय वाचकाला समजावून सांगावे लागू नये. ६ जून १९६६ रोजी डॉलरचा भाव ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. १९९१ च्या जुलैमध्ये तीन दिवसांत रुपयाचे दोनदा अवमूल्यन झाले. त्या त्या वेळी भारतही कोणासाठी तरी ‘स्वस्त’ झाला होता. गोव्याच्या किनाऱ्यावर चार पैशांसाठी तास तास घासाघीस करणारा परका पाहुणा आणि शेजारी मुकाट्याने चढे भाव देणारा गोवेकर हे दृश्य येथे अपरिचित नाही. ज्याने ही बाजू भोगली आहे, त्याने दुसऱ्याच्या अंगणात पाऊल ठेवताना ती विसरू नये.

म्हणून अनुकूल दराचा लाभ घेण्यात लाज नाही. मात्र तो घेण्याची रीत असावी. घरगुती अतिथिगृहात उतरावे, फोंद्यात जेवावे, बसने हिंडावे आणि पेसोत पैसे द्यावेत. असे केल्याने खर्च कमी होतो आणि झालेला खर्च गावातच राहतो. हे दोन्ही लाभ एकाच निवडीतून मिळतात, हे विशेष. दराने जे वाचले, त्यातले थोडे विणकराच्या गालिच्यावर, घासाघीस न करता, खर्ची घालावे.

वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे १९२४ मध्ये मेक्सिकोत पोहोचले ते विनिमय दर पाहून नव्हे. परागंदा क्रांतिकारक म्हणून. चापिंगो येथील कृषिविद्यालयात त्यांनी शिकविले, मक्याच्या वाणांवर संशोधन केले, आणि शिक्षण मंत्रालयातील रिव्हेरांच्या भित्तिचित्रांत त्यांना स्थान मिळाले. २०२२ मध्ये चापिंगोत त्यांचा पुतळा उभा राहिला. आठ दिवसांच्या प्रवाशाकडून कोणी एवढी अपेक्षा धरणार नाही. परंतु मेक्सिकोने एका मराठी पाहुण्याची आठवण जपली आहे, ती त्याने तेथून काय स्वस्तात नेले यासाठी नव्हे, तर तेथे काय दिले यासाठी, एवढे प्रवासाला निघताना ध्यानात ठेवले तरी पुरे.