दादाचा संशय

मार्गशीर्षातली थंडी, सकाळचे साडेसात. उज्जैनच्या राम घाटाच्या पायरीवर आई, माझा थोरला भाऊ आणि मी कुडकुडत बसलो होतो. वडिलांच्या नावाने क्षिप्रेत तर्पण करावं ही आईची फार दिवसांची इच्छा. (क्षिप्रा म्हणायची, पण २०१४ पासून तिच्यात नळांनी नर्मदेचं पाणी आणून सोडतात. असो.) घाटावरच्या पंडितजींनी नाव विचारलं, गोत्र विचारलं, गाव विचारलं. गोव्याचे लोक तर्पणाला इतक्या लांब येतात याचं त्यांना नवल वाटलं. महाकालाचं आजचं देऊळ ज्यांनी अठराव्या शतकात पुन्हा उभं केलं ते राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर शेणवी होते, हे त्यांना सांगायचा मोह मी आवरला. मग हातात पाणी आणि संकल्प सुरू. ते थांबले की आम्ही 'मम' म्हणायचं, त्यांनी मान हलवली की 'करिष्ये'.

आईने म्हटलं, मी म्हटलं. दादाने पाणी हातातच धरून ठेवलं आणि मला मोठ्याने विचारलं, "कितें म्हळें रे भटान? हांवें कित्याक 'करिष्ये' म्हणपाचें?"

शेजारच्या पायरीवरचे लोक हसले. मी नेहमीप्रमाणे त्याला गप्प केलं.

मित्रहो, माझा दादा मनोरुग्ण आहे. वीस वर्षांहून अधिक काळ तो गोळ्या घेतो. त्याच्या केसपेपरवर जे इंग्रजी शब्द लिहिलेले असतात त्यांत 'संशयी' या अर्थाचा शब्द कायम असतो. लोक आपल्यावर काहीतरी करतात, आपल्याला न सांगता करतात, ही त्याची जुनी तक्रार. डॉक्टर म्हणतात ते आजाराचं लक्षण, आणि ते खरंही आहे. पण मी गेली काही वर्षं एका प्रश्नात अडकलोय. जगात खरोखरच तसं घडत असेल, आणि ते पेपरात छापून येत असेल, तर लक्षण कुठे संपतं आणि माहिती कुठे सुरू होते?

राम घाटापासून इंदूर पंचावन्न किलोमीटर. तिथे मध्य भारतातलं एक मोठं सरकारी रुग्णालय आहे, महाराजा यशवंतराव होळकरांच्या नावाचं. त्याला जोडून महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालय. एका बाजूला होळकर, दुसऱ्या बाजूला गांधी! २०१० च्या सुमारास या शहरातल्या औषध चाचण्यांची भानगड बाहेर आली. बरीचशी माहितीच्या अधिकारात आली, हे एक कारकून म्हणून मला मुद्दाम नोंदवावंसं वाटतं. त्या एका रुग्णालयात काही वर्षांत ७३ चाचण्या झाल्या होत्या, ३,३०० रुग्णांवर, आणि त्यांतली १,८३३ मुलं होती. पुढे आर्थिक गुन्हे शाखेने चौकशी केली. त्याच शहरातल्या मानसोपचाराच्या चाचण्यांचा आकडाही बाहेर आला: २००८ ते २०१० या काळात २३३ मनोरुग्ण. त्यांच्यावर तपासलेल्या औषधांत शीघ्रपतनावरचं डॅपॉक्सेटिनही होतं असं वृत्तपत्रांत आलं. मन दुरुस्त करायला आलेल्या माणसावर शीघ्रपतनाचं औषध.

शिक्षा काय झाली? जानेवारी २०१२ मध्ये राज्य सरकारने बारा डॉक्टरांना प्रत्येकी पाच हजार रुपये दंड केला. पाच हजार. आमच्या खात्यात प्रवासभत्त्याचं खोटं बिल लावणाऱ्या शिपायाला याहून जास्त भोगावं लागतं.

ही बातमी दादाने वाचली. आमच्या घरी पेपर आधी तोच वाचतो. त्याने ती कात्रीने कापली, पाकिटात ठेवली आणि कुणाला काही बोलला नाही. गोळी जिभेखाली धरायची आणि न्हाणीघरात थुंकायची, हे त्याने कधी सुरू केलं ते आम्हाला कळलं नाही. चार महिन्यांनी कळलं, तेव्हा तो तीन रात्री झोपलेला नव्हता आणि आईला ओळखत नव्हता. इस्पितळात दाखल करताना त्याच्या पाकिटातून ते कात्रण पडलं. ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरांनी ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि परत घडी घालून माझ्या हातात दिलं. काय बोलणार ते तरी?

म्हणून, 'असलं लिहू नका, रुग्ण औषधं सोडतात' असं जेव्हा शहाणी माणसं मला सांगतात तेव्हा मला राग येतो. रुग्ण औषधं सोडतात याचा अनुभव मला त्यांच्यापेक्षा जास्त आहे. दादाने गोळी सोडली ती बातमी लिहिणाऱ्यामुळे नाही. जे केलं ते लपवणाऱ्यांमुळे सोडली.

आणि इंदूर हा काही एकटा आंबा नासका निघाला असं नाही. दादा घेतो त्या गोळीचं नाव ओलान्झापिन. आपल्याकडे ती देशी कंपन्यांच्या वेगवेगळ्या नावांनी मिळते, पण मूळ औषध अमेरिकेच्या एली लिलीचं. या गोळीने वजन वाढतं, रक्तातली साखर वाढते. दादाचं वजन पहिल्या दोन वर्षांत सतरा किलोंनी वाढलं, आज त्याला मधुमेह आहे. डिसेंबर २००६ मध्ये न्यू यॉर्क टाइम्सने कंपनीची अंतर्गत कागदपत्रं छापली आणि म्हटलं की हे दुष्परिणाम डॉक्टरांपुढे मांडताना कंपनीने सौम्य करून मांडले. कंपनीने हे नाकारलं. पण मंजुरी नसलेल्या वापरासाठी, म्हणजे वृद्धांच्या स्मृतिभ्रंशासाठी, हीच गोळी खपवल्याचा गुन्हा तिने जानेवारी २००९ मध्ये कबूल केला आणि एकूण १४१ कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरली. २०१२ मध्ये ग्लॅक्सोने तीनशे कोटी डॉलर भरले, त्यात पॅरॉक्सेटिन ही नैराश्यावरची गोळी अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी खपवल्याचा भाग होता. त्या गोळीची मुलांवरची एक चाचणी २००१ साली 'परिणामकारक आणि सुसह्य' म्हणून छापली गेली होती. दुसऱ्या संशोधकांनी तीच मूळ माहिती पुन्हा तपासली आणि २०१५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं की गोळी ना परिणामकारक होती ना सुरक्षित. चौदा वर्षं! चौदा वर्षांत एक पोर शाळा संपवून नोकरीला लागतं.

मला सगळ्यात जास्त हादरवलं ते मात्र दंडाच्या आकड्यांनी नाही, एका साध्या हिशेबाने. २००८ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये नैराश्यावरच्या औषधांच्या ७४ चाचण्यांचा ताळा छापला होता. या सगळ्या चाचण्या अमेरिकन सरकारच्या औषध खात्याकडे नोंदलेल्या. त्यांतल्या ३८ चांगल्या ठरल्या होत्या. त्यांपैकी ३७ छापल्या गेल्या. उरलेल्या ३६ वाईट किंवा शंकास्पद. त्यांतल्या २२ छापल्याच नाहीत, ११ अशा छापल्या की वाचणाऱ्याला त्या चांगल्या वाटाव्यात, आणि जशा होत्या तशा छापल्या फक्त तीन. मी फायलींवर आयुष्य काढलेला माणूस आहे. निम्मी फाईल कपाटात ठेवून उरलेल्या निम्मीवर साहेबांची सही घेणं याला आमच्याकडे काय म्हणतात ते मी इथे लिहीत नाही.

भारतातलंच आणखी एक उदाहरण. उन्मादाचा तीव्र झटका आलेल्या २९० भारतीय रुग्णांवर रिस्पेरिडोनची चाचणी झाली, ती २००५ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ सायकिअॅट्रीत प्रसिद्ध झाली. औषध जॉन्सन अँड जॉन्सनचं. निम्म्या रुग्णांना औषध, निम्म्यांना नुसती पिठाची गोळी, तीन आठवडे. उन्मादावर लिथियम चालतं हे १९४९ पासून माहीत आहे. अशा आजारात तीन आठवडे पिठाची गोळी देणं योग्य होतं का, यावर नंतर वैद्यकीय नियतकालिकांत वाद झाला. संशोधकांनी संमती घेतली होती असं सांगितलं. मी दादाला त्या अवस्थेत पाहिलंय. त्या अवस्थेतला माणूस ताजमहालाच्या विक्रीखतावर सही करील.

सहीचं म्हणाल तर मी स्वतः कोण आहे? रोज काउंटरवर बसून म्हाताऱ्या माणसांना पेनाच्या टोकाने दाखवणारा माणूस, 'हांगा सय कर'. त्या बाया वाचत नाहीत, मी वाचून दाखवत नाही, मागे रांग असते. काम होतं. संमतिपत्र म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको.

इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, म्हणून थोडं काही हललं. सरकारने न्यायालयाला दिलेले आकडे असे: २००५ ते जून २०१२ या काळात नव्या औषधांच्या ४७५ चाचण्या, त्या चालू असताना २,६४४ मृत्यू, त्यांतले औषधामुळे झालेले ८०, भरपाई ४० जणांच्या कुटुंबांना. बाकीचे आपापल्या आजाराने गेले असतील, कर्करोगाच्या चाचणीत माणसं दगावतातच, हे मला मान्य आहे. पण मृत्यू औषधामुळे की आजारामुळे याची पहिली नोंद करणारा तोच, ज्याने चाचणी चालवली. जानेवारी २०१३ मध्ये न्यायमूर्ती लोढा आणि दवे यांच्या पीठाने सरकारला खडे बोल सुनावले. भरपाईचे नियम आले, नीती समित्यांची नोंदणी आली, संमतीचं चित्रीकरण आलं. मग हळूच ढिलाई. २०१५ मध्ये आणि पुढे २०१९ च्या नव्या नियमांत चित्रीकरणाची सक्ती अगदी नव्या रेणूच्या चाचणीपुरती आणि दुर्बल गटातल्या रुग्णांपुरती राहिली. म्हणजे जुन्याच रेणूची नवी चाचणी मनोरुग्णावर करायची असेल तर पुन्हा कागद, पेन आणि 'हांगा सय कर'. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं ९९ वं कलम चांगलं आहे. रुग्णाची मुक्त संमती हवी, तो देऊ शकत नसेल तर राज्य प्राधिकरणाची परवानगी हवी. कलम चांगलं आहे, पण ते आपल्या बाह्यरुग्ण विभागाच्या भिंतीवर मराठीत, कोकणीत लावलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

प्रामाणिक संशोधन होतच नाही असं मी म्हणत नाही. आपल्या गोव्यातच झालंय. २००३ साली लॅन्सेटमध्ये आलेली चाचणी आठवा: इथल्या सरकारी इस्पितळांत आलेल्या ४५० रुग्णांवर, काहींना फ्लुओक्सेटिन, काहींना पिठाची गोळी, काहींना समुपदेशन. गोळीचा दोन महिन्यांनी थोडा उपयोग दिसला. समुपदेशन पिठाच्या गोळीपेक्षा वरचढ ठरलं नाही. तसंच छापलं. नाक खाली गेलं असं कुणाला वाटलं नाही. 'संगाथ'च्या मंडळींनी समुपदेशनाची पद्धत बदलली, पुन्हा इथल्याच आरोग्य केंद्रांत ४९५ रुग्णांवर तपासली आणि २०१६ मध्ये सांगितलं की आता उपयोग होतो. फसलेलं आधी सांगितल्यामुळे, जमलेल्यावर मी विश्वास ठेवतो. इतकं सोपं आहे ते.

पणजीत जुन्या सचिवालयाजवळ आबे फारियाचा पुतळा आहे, एका स्त्रीवर हात पसरून उभा. कांदोळीच्या या माणसाने दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये सांगितलं की संमोहनाची शक्ती करणाऱ्याच्या हातात नसते, झोपणाऱ्याच्या मनात असते. पिठाच्या गोळीने बरं वाटतं त्याचंही मूळ तेच. रुग्णाचा विश्वास हा औषधाचाच भाग आहे, आणि कंपन्यांनी तो भाग रुग्णाच्या खिशातून काढून घेतला आहे.

मागायचं काय? गोव्यात मनोरुग्णावर होणाऱ्या प्रत्येक चाचणीची यादी त्या इस्पितळाच्या दारावर लागावी, पैसे कोणाचे आणि डॉक्टरला किती यासकट. संमतिपत्र त्याच्या भाषेत मोठ्याने वाचून दाखवावं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारावं. चाचणी संपली की निकाल चांगला असो, वाईट असो, त्या रुग्णाच्या घरी पत्राने कळवावा. पत्राला पाच रुपयांचं तिकीट लागतं. हे करायला कुठलाही नवा कायदा नको. आमच्यासारखे कारकून करतील.

राहता राहिला राम घाट. मी दादाला गप्प केलं तरी पंडितजींनी त्याचा प्रश्न ऐकला होता. कोकणी त्यांना येत नव्हती, तरी कळला असावा. त्यांनी पोथी मांडीवर ठेवली आणि हिंदीत समजावलं, हे वर्ष कुठलं, ही नदी कुठली, 'मम' म्हणजे माझ्या, आणि वडिलांची तहान भागावी म्हणून हे पाणी मी देईन, एवढंच तुम्ही म्हणताय. मागे दोन यजमान खोळंबले होते. दादा शेवटपर्यंत ऐकत राहिला. मग त्याने हातातलं पाणी सोडून दिलं, दुसरं घेतलं आणि मला म्हणाला, "हें बरें. आतां म्हणटां."