यंत्र आणि आपण : जुनी डिझेल पिकअप वाटेत बंद पडते तेव्हा

रात्रीचे अकरा वाजलेले. टोमॅटोचे क्रेट भरून पिकअप निघाली, पहाटेच्या लिलावाला बाजार समितीत पोचायचे होते. गावाची वेस ओलांडली आणि गाडी आचके देत बंद पडली. गेल्या मोसमात आमच्या शेजारच्या अण्णांवर ही वेळ आली. मिस्त्री आला, त्याने दोन वेळा सेल्फ मारून पाहिला आणि सांगितले, "पंप गेला." पंप काढून तालुक्याला पाठवला. माल दुसऱ्या दिवशी दुपारी भाड्याच्या टेम्पोने गेला, तोवर लिलाव आटोपला होता. पंपात काहीच दोष निघाला नाही. तो परत बसवला, तर गाडी पुन्हा तशीच बंद! शेवटी दोष सापडला टाकीजवळच्या वीतभर रबरी नळीत. क्लिपखाली ती चिरलेली होती.

म्हणून आज एवढेच सांगायचे आहे की, तपासणी टाकीपासून सुरू करावी आणि पंपाला सर्वांत शेवटी हात लावावा. जे सर्वांत महाग, तेच आधी खोलण्याची घाई नको. हे सारे जुन्या, साध्या यांत्रिक पंपाच्या गाडीविषयी आहे. नव्या गाड्यांतील संगणकावर चालणारी डिझेल यंत्रणा घरी खोलू नये.

डिझेलची वाट

टाकीतून डिझेल नळीवाटे फीड पंपाकडे येते. तेथून फिल्टरमध्ये, फिल्टरमधून मोठ्या पंपात आणि मग लोखंडी नळ्यांतून नोझलकडे जाते. यात एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. विहिरीवरच्या पंपाच्या सक्शन पाइपला भोक पडले, तर पाणी बाहेर गळत नाही, पंप हवा घेतो आणि पाणी सोडतो. इथेही तसेच आहे. फीड पंपाच्या पुढे गळती असेल तर डिझेल ठिबकताना दिसते. मागे, म्हणजे टाकीच्या बाजूला, चीर असेल तर गाडी चालू असताना तिथून हवा आत ओढली जाते आणि बाहेर थेंबही दिसत नाही. अण्णांची गाडी फसली ती इथेच.

लक्षण पाहून अंदाज

आधी साधे पाहा. टाकीत डिझेल आहे ना? काटा खोटे बोलतो, काडी घालून पाहा. इंजिन बंद करण्याची दोरी ओढलेलीच अडकली नाही ना? किल्लीवर बंद होणारी गाडी असेल तर पंपावरच्या वायरचे टोक सुटलेले नाही ना?

मग एकाने सेल्फ मारावा आणि दुसऱ्याने धुराड्याकडे पाहावे. धूर मुळीच येत नसेल तर बहुधा डिझेल नोझलपर्यंत पोचतच नाही. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचते आहे, पण पेटत नाही. तिथे हीटर, इंजिनाचा दाब किंवा पंपाचे टायमिंग पाहावे लागते. ओझ्यावर काळा धूर येत असेल तर नोझलला दोष देण्यापूर्वी हवेचा फिल्टर झाडून पाहा.

सकाळी गाडी चालू होते आणि अर्ध्या मिनिटात बंद पडते, तेव्हा रात्रीतून हवा शिरून नळीतले डिझेल टाकीकडे उतरलेले असते. सपाटीवर बरी चालते आणि घाटात दम टाकते, तेव्हा फिल्टर किंवा टाकीतली जाळी तुंबलेली असते. काही मैल चालून बंद पडते आणि थोडे थांबल्यावर पुन्हा चालू होते, तेव्हा टाकीचे झाकण उघडा. 'फुस्स' असा आवाज होऊन गाडी सुधारली, तर टाकीत हवा जाण्याची वाट चिखलाने बुजलेली आहे. हे भोक काही गाड्यांत झाकणात असते, तर काहींत त्यासाठी वेगळी नळी असते. तारेने मोकळे केले की काम झाले.

कॅनची परीक्षा

एवढ्यानेही दोष सापडला नाही, तर एक सोपी युक्ती आहे. पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये गाळलेले डिझेल घ्या. टाकीकडून येणारी नळी फीड पंपापाशी सोडवा आणि तिथे कॅनमधून आणलेली पारदर्शक नळी जोडा. कॅन फीड पंपापेक्षा उंच आणि गरम भागापासून दूर बांधा. हवा काढून गाडी चालू करा. आता ती सुरळीत चालली, तर दोष टाकीत किंवा मागच्या नळीत आहे. तशीच अडखळली, तर दोष पुढे आहे. अण्णांकडे हे अर्ध्या तासात कळले असते.

हवा काढण्याची रीत

ट्रॅक्टरची हवा काढणाऱ्याला हे अवघड नाही. गिअर काढा, हँडब्रेक लावा. फिल्टरवरचा हवेचा स्क्रू जरा सैल करा आणि फीड पंपावरचा हाताचा दट्ट्या दाबत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. डिझेल वाहत असतानाच स्क्रू आवळा. मग मोठ्या पंपावरच्या स्क्रूशी हेच करा. शेवटी दट्ट्या पुन्हा नीट आवळून बसवा, नाहीतर तिथूनच हवा शिरेल. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका आणि मध्ये मिनिटभर विश्रांती द्या. तांब्याचे वॉशर दबून गेले असतील तर बदला, चार पैशांसाठी जुनेच बसवू नका.

पावसाळ्यातले पाणी

अर्धी रिकामी टाकी रात्री गार झाली की आत दव धरते. डिझेल पाण्यापेक्षा हलके असल्याने ते पाणी तळाशी बसते. म्हणून टाकी संध्याकाळी भरून ठेवावी आणि फिल्टरखालचा निचरा अधूनमधून उघडावा. शंका आल्यास काचेच्या बाटलीत डिझेल घेऊन घटकाभर निवळू द्या, खाली पाण्याचा थर वेगळा दिसेल. डिझेलमध्ये रॉकेल मिसळू नका. अनेक जुन्या पंपांना आतून वंगण मिळते ते डिझेलचेच, आणि रॉकेलने पंप झिजतो.

जिवाशी खेळ नको

दोन गोष्टी घरातल्या सर्वांनी ऐकाव्यात. पहिली, नळी तोंडाने ओढून डिझेल काढू नका. थोडे जरी फुप्फुसात गेले तरी जीव धोक्यात येतो. कोणी गिळलेच तर उलटी करवू नका, लगेच दवाखान्यात न्या. पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत डिझेल कधीही भरून ठेवू नका, घरात लेकरे असतात.

दुसरी, इंजिन चालू असताना नोझलच्या नळीवर बोट फिरवून गळती शोधू नका. तिथला दाब शंभर किलोच्याही वर असतो. बारीक फवारा कातडीतून आत घुसतो, वर फक्त टोचल्यासारखी खूण दिसते, पण आत मांस सडते. असे झाले तर दुखत नसले तरी त्याच क्षणी मोठ्या रुग्णालयात जा. नोझल आणि मोठा पंप हे जाणत्या कारागिराचेच काम.

अण्णांनी आता गाडीत चार वस्तू ठेवल्या आहेत : हातभर रबरी नळी, दोन क्लिपा, एक फिल्टर आणि पान्यांचा जुडगा. वहिनींनी डॅशबोर्डच्या कप्प्यात एक वही टाकली आहे, फिल्टर कधी बदलला त्याची तारीख त्या स्वतः लिहितात. यंदा अजून एकही लिलाव चुकलेला नाही.