काडी बारीक, करंट कमी आणि ट्रॉलीत १० टन ऊस



गेल्या हंगामात ओढ्याच्या चढाला उसाची भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरपासून सुटली. दांडीचं वेल्डिंग तुटलं. मागं कुणी नव्हतं, हे नशीब. तुटलेला जोड उलटा करून बघितला तर प्लेटवर ग्राइंडरचे ओरखडे जसेच्या तसे! म्हणजे खालचं लोखंड वितळलंच नव्हतं. भिंतीवर गोवरी थापावी तसा वरून नुसता माल थापलेला.

वेल्डिंगवाल्याला विचारलं तर म्हणतो, "दादा, तीन थर मारले होते की!" मारले असतील. पण १६ मिमीच्या प्लेटला बारा नंबरची, म्हणजे अडीच मिमीची काडी, आणि करंट ८०. जाड लोखंड उष्णता ओढून घेतं. एवढ्या करंटात काडी वितळते, प्लेट नाही. मग थर तीन मारा नाहीतर तेरा.

"करंट वाढवला की भोक पडतं," हे यांचं ठरलेलं उत्तर. पडतं ना, ट्रॉलीच्या पत्र्याला पडतं, बारीक पाइपला पडतं. १६ मिमीला कुठलं पडतंय? साध्या ६०१३ काडीचा ढोबळ हिशेब असा: बारा नंबरला ६० ते ९० अँपिअर, दहा नंबरला (३.१५ मिमी) ९० ते १३०, आठ नंबरला (४ मिमी) १४० ते १८०. पाकिटावर छापलेलं असतं, वाचतो कोण! जाड कामाला करंट वरच्या टोकाकडंच पाहिजे.

आणि आधी कडा घासून व्ही पाडायचा. तळाला दहा नंबर १२० वर, खपली ठोकून ब्रश मारायचा, मग आठ नंबर १६०-१७० वर भरत यायचं. दांडीला ७०१८ काडी जास्त चांगली, पण ती पावसाळाभर उघड्या पाकिटात पडलेली नको. ओल धरलेल्या काडीनं जोडाच्या कडेला आतून तडा जातो, वरून दिसतही नाही.

वेल्डिंगवाल्याची एक अडचण मात्र खरी आहे. मशीनवर २०० लिहिलंय म्हणून २०० मिळत नाही. लाइनच्या शेवटाला व्होल्टेज पडलेलं असलं की आठ नंबरची काडी नुसती चिकटते. मग बाबा, तसं सांग! "हे काम माझ्या मशीनवर होणार नाही" म्हणायला लाज कसली?

आपणही काही कमी नाही. ट्रॅक्टर चालूच ठेवायचा, "पटकन दोन टाके मार" म्हणायचं आणि वर शंभर रुपयांसाठी घासाघीस. व्ही पाडायला अर्धा तास जातो, डिस्क झिजते. त्याचे पैसे आपण कधी दिले?

नवीन दांडी मी थ्री फेजवाल्याकडून करून घेतली, समोर बसून. जुना तुकडा शेडमध्ये टांगलाय. ज्याला खोटं वाटतंय त्यानं येऊन बघावा.