हरण्या

जुलै-ऑगस्टमध्ये सलग ढगाळ हवा आणि रिपरिप सुरू झाली, की रावेर-यावलच्या केळीच्या मृगबागेत शेतकरी आधी कोवळी पाने पाहतो. शिरांच्या कडेने पिवळे पट्टे उमटलेले असले, की समजायचे, हरण्या आला. शास्त्रज्ञ त्याला सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) म्हणतात. काकडीवर प्रथम ओळखला गेलेला हा विषाणू केळीच्या मुळावर उठतो.

रोगट झाडाची वाढ खुंटते, पाने अरुंद आणि वेडीवाकडी होतात, कधी पोगाच सडतो. लागण कोवळ्या वयात झाली, तर घड निसवतच नाही. निसवलाच, तर फण्या तोकड्या, केळी वाकडी, भरण अपुरी. अशा मालाला व्यापारी हात लावत नाही.

हा रोग पसरवणारा मावा रोगट पानावर क्षणभर सोंड टोचतो आणि तोच विषाणू काही सेकंदांत पुढच्या झाडात सोडतो. फवारणीने मावा मरेपर्यंत लागण होऊन गेलेली असते. लागलेल्या झाडाला औषध नाही, ते उपटून नष्ट करावेच लागते. हातांनी लावलेले, पाणी पाजलेले रोप उपटताना काय वाटते, ते बांधावर उभे राहिल्याशिवाय कळत नाही. तरीही उशीर करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. बागेत काकडी, भोपळा, मिरची, टोमॅटो यांचे आंतरपीक नको, बांधावरचे तणही नको. विषाणू तिथेच दबा धरून राहतो.

उतिसंवर्धित रोपे विषाणूमुक्त असल्याची तपासणी झालेली असणे, हा माझ्या मते शेतकऱ्याचा हक्क आहे. या अंकात त्यावरच भर आहे.